गुन्हा कबूल करण्यापूर्वी

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके रस्त्यावर जगतात. शिरूरमधून पुणे-अहिल्यानगर मार्ग जातो, दौंडमधून पुणे-सोलापूर. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीतले टेम्पो, पहाटे पुण्याकडे निघणाऱ्या भाजी-दुधाच्या गाड्या, गाळप हंगामातले उसाचे ट्रॅक्टर यांच्या चालकांचे घर त्यांच्या लायसनवर चालते. लायसन सहा महिने हातातून गेले, तर हप्ता थकतो आणि मुलांची फी थांबते. म्हणून मोटार वाहन कायद्याचा हा भाग वकिलांच्या कपाटात बंद न राहता सामान्य वाचकांपर्यंत पोचावा, असे मला मनापासून वाटते.

वाचकांनी आधी एक गोष्ट समजून घ्यावी: लायसन कोण काढून घेऊ शकते? १९८८ च्या कायद्याने हा अधिकार मुख्यतः दोघांना दिला आहे. गुन्हा सिद्ध झाल्यावर न्यायालय कलम २० खाली चालकाला अपात्र ठरवू शकते. आरटीओला तोच अधिकार कलम १९ खाली आहे, मात्र तुमचे म्हणणे ऐकून घेऊन आणि कारणे लेखी देऊन. त्या आदेशाविरुद्ध तो हाती पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. वाहतूक पोलीस लायसन जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात. निलंबनाचा अधिकार त्यांना नाही, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. जप्तीच्या वेळी मिळणारी पोचपावती जपून ठेवा. तिच्यावर मुदत लिहिलेली असेल तर त्या तारखेपर्यंत, नसेल तर लायसन परत मिळेपर्यंत गाडी चालवता येते. ही पोचपावती कित्येकदा डॅशबोर्डवरच्या कागदांत हरवून जाते.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. तालुक्याच्या न्यायालयात नाव पुकारले जाते, चालक कठड्याशी उभा राहतो आणि ‘गुन्हा कबूल आहे’ म्हणून दंड भरून मोकळा होतो. एक दिवसाची मजुरी वाचते, हे खरे. पण कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध सहसा अपील चालत नाही. शिक्षा किती आणि कायदेशीर आहे की नाही, एवढाच वाद उरतो. लायसन अपात्र ठरू शकते, हे त्या क्षणी बहुतेकांच्या मनातही नसते. वकिलाची खरी गरज निकालानंतर नव्हे, त्या तीन शब्दांच्या आधी असते.

दारू पिऊन गाडी चालवण्याचा आरोप घ्या. कलम १८५ ची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल अशी आकड्यात आहे. म्हणून चाचणी कशी झाली, नोंद काय आहे, हे तपासावेच लागते. बचुभाई कारयाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की तोंडाला येणारा वास, अडखळती चाल आणि असंबद्ध बोलणे एवढ्यावरून, रक्त किंवा लघवीची तपासणी नसताना, माणूस दारूच्या अमलाखाली होता असे ठरत नाही. अपघातात माणूस गमावलेल्या घराचे दुःख मी विसरलेलो नाही. पुराव्यावर उभी राहिलेली शिक्षा त्या घरालाही हवी असते.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. लोकअदालतीत साधी चलने तडजोडीने मिटतात, कलम १८५ चा खटला मात्र नाही.

वकिलाकडे जाताना समन्स, चलन, पोचपावती आणि आदेश बरोबर घ्या. शिक्षा झालीच, तर त्याच दिवशी निकालाच्या नकलेसाठी अर्ज करा. सत्र न्यायालयात अपिलाला ३० दिवस असतात आणि नक्कल मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात.