आरशाची थाप

एसएलआर कॅमेऱ्याच्या कुळाचा मूळपुरुष शोधत गेलं, तर इंग्लंडच्या टॉमस सटन यांनी १८६१ साली पेटंट घेतलेल्या कॅमेऱ्यापाशी पोचता येतं. त्यात आरसाच शटरचं काम करी. तो हाताने उचलला की काचेवर प्रकाश पडे. फोटो आरशाने हलतो की शटरने, या वादातले दोन्ही आरोपी मुळात एकच होते, ते असे. पुढे दोघे विभक्त झाले आणि दोष मात्र सगळा आरशाच्या पदरी पडला. मला हा निवाडा अर्धवट वाटतो. कॅमेऱ्यातलं काय हललं यापेक्षा ते प्रकाश पडण्याच्या किती आधी हललं, यावर फोटोचा रेखीवपणा अधिक ठरतो.

आरसा हवा होता तो लेन्सला दिसतं तेच डोळ्याला दिसावं म्हणून. १९२५च्या लायकाने ती हाव धरली नाही, त्यामुळे तिच्यात आदळायला आरसाच नव्हता. १९३६च्या किने एक्झाक्टात आरसा होता, पण तो एकदा वर गेला की फिल्म पुढे सरकवेपर्यंत खाली येत नसे. तो आपोआप परतू लागला हंगेरीच्या डुफ्लेक्समध्ये आणि १९५४च्या जपानी असाहीफ्लेक्स टू-बीमध्ये. गंमत अशी, की या परतीच्या खटक्याने कान दचकतो, पण तोवर फोटो निघून गेलेला असतो. नुकसान करते ती वर जातानाची थाप, कारण तिच्या मागोमाग शटर उघडतं. निकॉन एफने १९५९ साली आरसा आधीच वर अडकवून ठेवायची सोय दिली, पण मग व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार. कॅननच्या पेलिक्सने १९६५मध्ये अर्धपारदर्शक आरसा जागेवरच बसवला. तो हलत नसे, मात्र सुमारे एक तृतीयांश प्रकाश व्ह्यूफाइंडरकडे वळवी.

ट्रायपॉड असताना एवढी चिंता कशाला, असं कोणी म्हणेल. ट्रायपॉड हाताची थरथर थांबवतो; कॅमेऱ्याच्या पोटातून उठलेला हादरा मात्र तोही काही क्षण घेऊन थरथरतो. शटर १/१००० सेकंदाचं असेल तर त्या कंपाला चित्र फरफटवायला वेळच मिळत नाही, आणि १० सेकंदांचं असेल तर सुरुवातीच्या थरथरीचा वाटा नगण्य ठरतो. अडचण मधल्या पट्ट्यात आहे, १/१५ सेकंदाच्या आसपास, आणि त्यातही लांब लेन्स लावलेली असताना. ३६ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरवर २०० मिमी लेन्सने कॅमेरा अंशाच्या सुमारे सातशेव्या भागाइतका जरी कलला, तरी चित्र एक पिक्सेल सरकतं.

मग आरसाच काढून टाकला तर? २०१३ साली सोनी ए७आरमध्ये तो नव्हता. तरीही लांब लेन्सवर, नेमक्या याच मधल्या वेगांना, फोटो मऊ येत असल्याचं दिसून आलं. सेन्सरवरची प्रतिमा सतत दिसत राहावी म्हणून या कॅमेऱ्यात शटर एरवी उघडंच असतं. फोटोच्या वेळी ते आधी मिटतं आणि लगेच उघडतं, आणि आरशाची जागा शटरच्या पडद्याने घेतलेली असते. उलट आरसा असलेल्या निकॉन डी८१०ने २०१४ साली आरसा वर ठेवून पहिल्या पडद्याचं काम सेन्सरकडूनच करवून घेतलं, आणि हादरा जवळपास नाहीसा केला. लहान प्रिंटमध्ये यातलं काहीच दिसत नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. थाप जुनीच आहे, ती मोजणारी पट्टी बारीक झाली आहे.

संपूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरला हलणारा भागच नाही, पण ते सेन्सर ओळीओळीने वाचतं, म्हणून फिरत्या पंख्याची पाती वाकडी उमटू शकतात. हे वाचन पुरेसं वेगवान झाल्यावर निकॉनने २०२१च्या झेड९मधून यांत्रिक शटर काढूनच टाकलं. त्या कॅमेऱ्यात खटका ऐकू येतो तो स्पीकरमधून, आणि हवा तर बंदही करता येतो.