पेटीवाले गोविंदराव

भिवंडी-वाड्याकडच्या गावांत भजनाला मंडळी बसली आणि मध्ये पेटी नाही, असे सहसा होत नाही. बुवा ऐन वेळी गजर कुठे वळवतील याचा नेम नसतो. तरी पेटीवाला बरोबर त्यांच्या मागे जातो. कागदावर काही लिहिलेले नसते. कानाने ऐकायचे आणि बोटांनी तिथल्या तिथे रचायचे. या कलेतून पुढे काय काय उभे राहते, ते कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांच्या चरित्रात दिसते.

गोविंदरावांचा जन्म १८८१ चा. तेव्हाचे कोल्हापूर म्हणजे गाण्याचे माहेरच. अल्लादियाखाँसाहेब दरबारी गवई, देवल क्लबात मैफली. गोविंदरावांची खरी शाळा हीच. गुरू मानले ते भास्करबुवा बखल्यांना, पण समोर बसून रीतसर तालमीपेक्षा त्यांच्या साथीला बसूनच जास्त शिकले. बुवांची तान संपते न संपते तोच तिचा पडसाद पेटीतून उमटायला हवा. अशा साथीत कान तयार होतो, बरं का!

हा कान १९११ साली रंगभूमीच्या कामी आला. किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचे 'मानापमान' काढले आणि चाली गोविंदरावांनी दिल्या. त्याआधी नाटकातली पदे बरीचशी साकी, दिंडी, कामदा अशा ओळखीच्या वळणाची. गोविंदरावांनी उत्तरेकडची ठुमरी, दादरा, कजरी मराठीत आणली. चाल अशी की नटाला तिच्यात स्वतःची भर घालायला जागा राहावी. बालगंधर्वांसारखा गळा मिळाल्यावर मग काय विचारता! एकच पद रोज नवे होऊ लागले. पुढेपुढे 'वन्समोअर'पायी नाटकाची कथा ताटकळू लागली, ही तक्रारही खोटी नव्हे. पण तो दोष चालींच्या माथी मारणे मला पटत नाही.

१९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे तीतून बाहेर पडून स्वतःची शिवराज मंडळी चालवली. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. त्यात हरिश्चंद्र गोविंदरावच, संगीतही त्यांचेच.

आता एक विचित्र गोष्ट. ज्या पेटीने हे सारे घडवले, तिलाच १९४० साली आकाशवाणीने दार बंद केले. कारण अगदीच पोकळ नव्हते. पेटी मूळची फ्रान्सची, १८४२ साली तिथे तिचे पेटंट झाले. तिचा प्रत्येक सूर पट्टीत कायमचा बसवलेला. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिला घेता येत नाही, आपल्या रागांतल्या बारीक श्रुतीही नाहीत. हुशार वादक भात्याचा दाब सांभाळून, कणस्वर लावून मींडेचा नुसता भास करतो. तो भासच ऐकण्याजोगा असतो, असे पेटीच्या बाजूचे लोक म्हणत. गोविंदराव १९५५ साली वारले. बंदी सैल झाली ती १९७१ साली.

गुरुजींना शाळेच्या कपाटात गोविंदरावांचे 'माझा संगीत व्यासंग' सापडले, तर जरूर काढून वाचावे. जुन्या गवयांचे गाणे त्यांनी जसे कानात साठवले, तसे कागदावरही उतरवले आहे.