अंगुस्तानाच्या फुलाचा धडा

काही वर्षांपूर्वी आमच्या घरातील एका वृद्ध आत्याबाईंना हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी डॉक्टरांनी डिजॉक्सिनची गोळी दिली होती. गुण लवकर यावा म्हणून त्यांनी कोणास न विचारता आठवडाभर रोज एकीऐवजी दोन गोळ्या घेतल्या. प्रथम त्यांची अन्नावरची वासना गेली, मग ओकाऱ्या सुरू झाल्या आणि पांढरी भिंत पिवळी दिसू लागली. आम्ही समजलो, कावीळ झाली. डॉक्टरांनी मात्र आधी गोळ्यांची डबी मागितली, आणि त्यामुळेच त्या वाचल्या. पुढे याविषयी वाचताना आढळले की, या पिवळ्या दृष्टीची नोंद एका इंग्रज वैद्याने 1785 सालीच करून ठेवली होती.

विल्यम विदरिंग हे त्यांचे नाव. 1775 साली श्रॉपशर परगण्यातील एका वृद्धेचा गुप्त घरगुती काढा त्यांच्याकडे परीक्षेसाठी आला. अंगावरची सूज त्याने उतरते, अशी ख्याती होती. काढ्यात वीस किंवा अधिक वनस्पती होत्या. त्यांपैकी खरे काम करणारी फॉक्सग्लोव्ह हीच, हे विदरिंग यांनी ओळखले. जांभळ्या, घंटेसारख्या फुलांचे हे झाड. जर्मन भाषेत त्याला शिंप्याच्या अंगुस्तानाचे नाव आहे. त्यावरूनच लिओनहार्ट फुक्स यांनी 1542 साली त्याला डिजिटॅलिस हे लॅटिन नाव दिले होते.

गुणकारी झाड सापडले, एवढ्यावर विदरिंग थांबले नाहीत. बर्मिंगहॅम येथे ते दहा वर्षे रोगी पाहत राहिले आणि 1785 साली त्यांनी दीडशेहून अधिक रोग्यांच्या हकीकती प्रसिद्ध केल्या. त्यांत यशाबरोबर अपयशही लपविले नाही. पानांचा गुण ऋतूप्रमाणे बदलतो, म्हणून फुलोऱ्याच्या सुमारास तोडलेल्या पानांचेच चूर्ण वापरावे, असे त्यांनी ठरविले. मात्रा अधिक झाल्यास मळमळ, ओकारी व भोवळ येते, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसतात आणि नाडी मिनिटाला 35 पर्यंतही उतरते, असे त्यांनी लिहून ठेवले. मूत्रपिंड, जठर, नाडी किंवा आतडी यांपैकी एकावर जरी परिणाम दिसला तरी औषध थांबवावे, हा त्यांचा नियम होता.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी जेम्स मॅकेन्झी आदी वैद्यांनी नाडीचे आलेख काढून या औषधाचा खरा उपयोग उलगडला. हृदयाचे वरचे कप्पे विस्कळीत थरथरू लागले म्हणजे खालचे कप्पेही बेताल धावतात. डिजिटॅलिस त्या धावेला लगाम घालते. ठोक्यांचा ताल ते सहसा पूर्ववत करीत नाही. वेग तेवढा आटोक्यात आणते. 1930 साली सिडनी स्मिथ यांनी याच कुळातील, लोकरी लव असलेल्या दुसऱ्या जातीपासून डिजॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पानाच्या चूर्णाची जागा मोजक्या वजनाच्या गोळीने घेतली. तरीही धोका संपला नाही. 1971 साली अमेरिकेत जॉन लिंडेनबॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, निरनिराळ्या कारखान्यांच्या सारख्याच वजनाच्या गोळ्यांतून रक्तात उतरणारे औषध कित्येक पटींनी कमीअधिक असते. त्यानंतर गोळ्यांची कसोटी कडक झाली.

0.25 मिलिग्रॅमची गोळी म्हणजे एका ग्रॅमचा चार हजारावा भाग. तारणारी मात्रा आणि मारणारी मात्रा यांत येथे अंतर थोडे. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर जाते; म्हणून वार्धक्यात किंवा मूत्रपिंड दुबळे असता ते अंगात साचते. लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांनी रक्तातील पोटॅशियम घटले की त्याचा विषारी परिणाम वाढतो. अमिओडेरोन, व्हेरापामिल आणि काही प्रतिजैविके यांनी रक्तातील त्याचे प्रमाण चढते. यास्तव नवे औषध घेताना जुन्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी. एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. बरे वाटले म्हणून आपणहून बंदही करू नये. नाडी मोजण्यास शिकावे. ती 60 च्या खाली गेली, अन्न नकोसे झाले किंवा रंग बदललेले दिसू लागले, तर पुढची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना गाठावे. डबी मुलांच्या हाती लागू देऊ नये.

आपल्या कुंपणावरच्या पिवळ्या कण्हेरीच्या बियांतही याच जातीची द्रव्ये आहेत, आणि ती विषारी आहेत, हे आपल्या खेड्यातील लेकरालाही ठाऊक असते. त्या कण्हेरीविषयी आपण जी सावधगिरी बाळगतो, तीच त्या पांढऱ्या गोळीविषयी बाळगावी. आमच्या आत्याबाई पुढे बऱ्याच वर्षांपर्यंत तीच गोळी घेत राहिल्या. मात्र रोज एकच, आणि नाडीवर बोट ठेवून.