नील अर्थव्यवस्था आणि सिंधुदुर्गचा किनारा : सहभागाची कसोटी

समुद्र, खाड्या आणि किनारपट्टी यांच्या आधारे चालणाऱ्या, मात्र त्यांची नैसर्गिक उत्पादनक्षमता अबाधित राखणाऱ्या आर्थिक व्यवहारांच्या समूहास 'नील अर्थव्यवस्था' असे संबोधले जाते. मासेमारी, मत्स्यसंवर्धन, बंदरे, जलवाहतूक, किनारी पर्यटन आणि सागरी जैवविविधतेवर अवलंबून असलेले लहानमोठे उद्योग हे सर्व तिच्या कक्षेत येतात. या व्यवसायांचे क्षेत्र एकच असले तरी त्यांवर हक्क सांगणारे घटक अनेक असतात व त्यांचे हितसंबंध बहुधा परस्परविरोधी असतात. त्यामुळे एखाद्या प्रदेशाची नील अर्थव्यवस्था टिकाऊ ठरणार की नाही, हे त्या घटकांमधील सहकार्यावर अवलंबून राहते. महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाचा सिंधुदुर्ग जिल्हा हे या प्रश्नाच्या अभ्यासाचे एक बोलके उदाहरण आहे.

संकल्पनेचा प्रवास

2012 मध्ये ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे भरलेल्या शाश्वत विकासविषयक जागतिक परिषदेत 'हरित अर्थव्यवस्था' या कल्पनेवर भर होता. ज्यांच्याकडे जमीन अल्प आणि समुद्र अफाट, अशा बेटवजा राष्ट्रांनी त्या वेळी समुद्राचा स्वतंत्र विचार व्हावा, असा आग्रह धरला. 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी चौदावे उद्दिष्ट 'पाण्याखालील जीवन' हे आहे. भारतात भूविज्ञान मंत्रालयाने नील अर्थव्यवस्थेच्या धोरणाचा मसुदा तयार करून 2021 च्या प्रारंभी तो जनतेच्या सूचनांसाठी खुला केला. 2020 मध्ये सुरू झालेल्या 'प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजने'साठी 20,050 कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली होती.

मात्र धोरणांच्या पातळीवर एकसंध दिसणारा समुद्र किनाऱ्यावर उतरताच अनेक खात्यांत वाटला जातो. मासेमारीचे नियमन मत्स्यव्यवसाय विभागाकडे, कांदळवने वन विभागाकडे, बंदरे सागरी मंडळाकडे, तर पर्यटन पर्यटन महामंडळाकडे. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचे पाणी राज्याच्या अखत्यारीत आणि त्यापलीकडे 200 मैलांपर्यंतचे क्षेत्र केंद्राच्या. माशांना अर्थातच ही सीमारेषा ठाऊक नसते.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

1 मे 1981 रोजी रत्नागिरी जिल्ह्याच्या विभाजनातून सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. त्याची सुमारे 121 किलोमीटरची किनारपट्टी देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या 3 तालुक्यांत विभागलेली आहे. खडकाळ भाग, पुळणी, खाड्या, कांदळवने आणि मालवणच्या समुद्रातील प्रवाळ अशी विविधता इतक्या थोड्या अंतरात आढळते. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे 100 किलोमीटरवर असलेले, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे 'आंग्रिया बँक' हे पाण्याखालील प्रवाळ पठारही याच सागरी प्रदेशाचा भाग आहे.

या किनाऱ्यावरील गाबीत व अन्य मच्छीमार समाजांची पारंपरिक पद्धत म्हणजे 'रापण'. होडीतून जाळे अर्धवर्तुळाकार सोडून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणायची आणि गावातील माणसांनी ती मिळून ओढायची, असे तिचे स्वरूप. मिळालेली मासळी वाट्यांनी विभागली जाते. जाळे कोणाचे, कष्ट कोणाचे आणि वाटा कोणाचा याचे संकेत रापण संघात ठरलेले असतात. 'हितसंबंधीयांचे सहकार्य' हा शब्दप्रयोग प्रचारात येण्यापूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर त्याची एक घडी बसलेली होती, असे म्हणता येईल. ही घडी विस्कटली ती किनाऱ्यालगत यांत्रिक नौका आल्यानंतर.

पर्ससीन आणि रापण

बांगडा, तारली यांसारखी मासळी थव्याने फिरते. पर्ससीन जाळ्याने असा संपूर्ण थवा वेढून खालून जाळे आवळता येते. या जाळ्याची क्षमता मोठी, खर्चही मोठा. म्हणून नौकामालकास मोठा घास हवा असतो. तोच थवा किनाऱ्यावर येण्याची वाट रापणकर पाहत असतो. समुद्रात वेढला गेलेला थवा किनाऱ्यावर पोहोचत नाही, हे या संघर्षाचे साधे सूत्र आहे. पुढे प्रखर विजेच्या दिव्यांनी रात्री मासे आकर्षित करण्याची पद्धत त्यात मिसळली आणि तणाव अधिकच वाढला. मालवण परिसरात या वादातून समुद्रात व किनाऱ्यावर संघर्षाचे प्रसंग उद्भवले.

या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालाच्या आधारे फेब्रुवारी 2016 मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालणारा आदेश निघाला. राज्याच्या सागरी क्षेत्रातील पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर या काळापुरती मर्यादित झाली. परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने घटवून अखेरीस 182 वर आणण्याचे ठरले. नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्र सरकारने अनन्य आर्थिक क्षेत्रात दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. 1981 च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमात 2021 मध्ये दुरुस्ती होऊन दंडाच्या रकमा वाढल्या व कारवाईचे अधिकार महसूल यंत्रणेकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने अधिसूचित केलेल्या नियमांत दिव्यांची मासेमारी निषिद्ध ठरवून खोल समुद्रातील मासेमारीसाठी सहकारी संस्थांना प्राधान्य देण्यात आले.

नियमांची ही मालिका पाहता पारंपरिक मच्छीमारांचा आवाज धोरणापर्यंत पोहोचला, हे स्पष्ट होते. तथापि पर्ससीन नौकांवर काम करणारे खलाशी, बर्फाचे कारखानदार आणि मासळीवर प्रक्रिया करणारे उद्योग यांचीही उपजीविका या धंद्याशी निगडित आहे. त्यांना अन्य मार्ग न दाखवता केवळ बंदी घातल्यास ती कागदावर राहण्याचा धोका असतो. गस्ती नौकांची उणीव हा त्यावरचा नेहमीचा आक्षेप आहे.

मासळीच्या दुष्काळाची चाहूल आकड्यांतूनही मिळाली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2019 मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर उतरविलेली मासळी सुमारे 2.01 लाख टन इतकी खाली आली. हे गेल्या 45 वर्षांतील नीचांकी उत्पादन होते. त्या वर्षीच्या वादळांचा त्यात वाटा होता. मात्र अतिमासेमारी आणि अपरिपक्व मासळीची पकड हे प्रश्न त्याआधीपासूनचे आहेत.

अभयारण्याचा धडा

सहभागाविना घेतलेल्या निर्णयाचे काय होते, याचे उदाहरणही याच जिल्ह्यात सापडते. 1987 मध्ये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांच्या सभोवतालच्या सुमारे 3 चौरस किलोमीटरचा गाभाक्षेत्रात समावेश आहे. प्रवाळ आणि सागरी जीवांचे रक्षण हा हेतू निःसंशय योग्य होता. परंतु आपल्या दारातील समुद्रच बंद होणार, या भीतीने मच्छीमारांनी त्यास प्रदीर्घ विरोध केला आणि अभयारण्याचे व्यवस्थापन अनेक वर्षे प्रभावी होऊ शकले नाही. संरक्षित क्षेत्राची अधिसूचना काढणे आणि ते क्षेत्र लोकांनी आपले मानणे यांत किती अंतर असते, हे या अनुभवाने दाखवून दिले.

सिंधुदुर्ग प्रकल्प

2011 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालय, राज्य शासन आणि संयुक्त राष्ट्रे विकास कार्यक्रम यांच्या सहकार्याने, जागतिक पर्यावरण सुविधा या निधीच्या अर्थसाहाय्यावर सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी विशेष प्रकल्प हाती घेण्यात आला. मासेमारी, पर्यटन, शेती या उत्पादक क्षेत्रांच्या दैनंदिन व्यवहारातच जैवविविधतेचे संरक्षण सामावून घ्यावे, अशी त्याची रचना होती. 2012 मध्ये वन विभागाअंतर्गत स्थापन झालेला कांदळवन कक्ष या कामाचा कणा ठरला.

या काळात झालेले काही प्रयोग लक्षणीय आहेत. ट्रॉलरच्या जाळ्याच्या खोळ्याचे आस सामान्यतः शंकरपाळ्याच्या आकाराचे असतात व ओढ बसताच ते मिटतात, त्यामुळे लहान पिल्लेही अडकतात. त्याऐवजी 40 मिलिमीटरचे चौकोनी आस वापरल्यास ते उघडे राहतात आणि पिल्ले निसटतात. पाण्याचा अडथळा कमी झाल्याने डिझेलचीही बचत होते. संशोधन संस्थेचे ज्ञान आणि नौकामालकाचा हिशेब येथे एकाच जाळ्यात बसले, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय.

दुसरा प्रयोग खाड्यांतील होता. महिला बचत गटांना खेकडे, कालवे आणि शिणाणे यांच्या संवर्धनासाठी साहाय्य मिळाले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' महिला बचत गटाने 2017 मध्ये कांदळवन सफर सुरू केली. होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवनाच्या जातींची व पक्ष्यांची माहिती देणाऱ्या या महिलांसाठी उभे कांदळवन हेच भांडवल ठरले. त्याच वर्षी राज्य शासनाने कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आणली. तिच्यात सामूहिक उपक्रमांस 90 टक्के, तर वैयक्तिक उपक्रमांस 75 टक्के अनुदान देण्याची तरतूद असून गावपातळीवरील समितीने कांदळवनाच्या रक्षणाची जबाबदारी घेणे अपेक्षित आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 व 2018 मधील आदेशांनी कांदळवनांना कायद्याचे कवच दिले. त्या कवचाला उपजीविकेची जोड अशा योजनांनी मिळाली.

फाटलेल्या जाळ्याची किंमत

सहकार्याची सर्वांत सोपी आणि परिणामकारक योजना डिसेंबर 2018 मध्ये आली. समुद्री कासव, देवमासा-शार्क, डॉल्फिन असा संरक्षित प्राणी जाळ्यात अडकल्यास त्यास जिवंत सोडण्यासाठी बहुधा जाळे कापावे लागते. कायद्याने ते मच्छीमाराचे कर्तव्यच. परंतु जाळ्याचा भुर्दंड त्याच्याच माथी येई. वन विभाग आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी एकत्र येऊन अशा प्रसंगी 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची व्यवस्था केली. मच्छीमाराने सुटकेचे छायाचित्र किंवा चित्रफीत सादर करावी, एवढीच मुख्य अट. शिक्षेच्या भीतीने दडविली जाणारी घटना आता नोंदीत येऊ लागली. प्राण्यांच्या वावराची माहिती संशोधकांना मिळू लागली, हा त्याचा आनुषंगिक लाभ होय.

ऑलिव्ह रिडले कासवांच्या बाबतीतही हाच अनुभव आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे 2002 पासून स्वयंसेवी संस्था व ग्रामस्थ यांनी घरट्यांचे रक्षण केले. कासव महोत्सवामुळे गावात घरगुती निवासव्यवस्थेचा व्यवसाय उभा राहिला. सिंधुदुर्गातील वायंगणीसारख्या गावांनीही घरट्यांच्या रक्षणाची हीच वाट धरली.

पर्यटनाचे दुधारी शस्त्र

1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. मालवण-तारकर्लीच्या पाण्यात स्नॉर्केलिंग आणि स्कूबा डायव्हिंग यांनी मच्छीमार कुटुंबांतील अनेक तरुणांना नवे उत्पन्न दिले. तारकर्ली येथील पर्यटन महामंडळाच्या प्रशिक्षण संस्थेने या कौशल्यास शास्त्रीय बैठक देण्याचा प्रयत्न केला. परंतु प्रवाळावर पडणारे नांगर, पाण्यात फेकला जाणारा कचरा आणि एकाच जागी होणारी गर्दी यांमुळे पर्यटनाचा आधारच क्षीण होऊ शकतो. नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका निवतीच्या समुद्रात बुडवून तेथे पाण्याखालील पर्यटनस्थळ विकसित करण्याची योजना 2025 मध्ये पुढे आली. प्रवाळावरील भार हलका करण्याची संधी तिच्यात आहे; तिचा लाभ स्थानिकांच्या पदरी किती पडतो, यावर तिचे यश मोजले जाईल.

अन्यत्रचे दाखले

केरळमधील अष्टमुडी तलावात शिंपल्यांचा अतिउपसा झाल्यावर मच्छीमार, शासन, संशोधन संस्था व निर्यातदार यांची संयुक्त परिषद स्थापन झाली. प्रजननकाळात बंदी आणि जाळ्याच्या आसांवर नियंत्रण यांचे पालन झाले. 2014 मध्ये या मत्स्यव्यवसायास शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. भारतातील ते पहिलेच. हिंदी महासागरातील सेशेल्स या राष्ट्राने 2018 मध्ये दीड कोटी डॉलरचे 'नील रोखे' काढले, तसेच मच्छीमार व पर्यटन व्यावसायिकांशी अनेक वर्षे विचारविनिमय करून 2020 मध्ये आपले 30 टक्के सागरी क्षेत्र संरक्षित केले. दोन्ही ठिकाणी चर्चेस लागलेला वेळ मोठा होता. परंतु नंतर विरोधात वाया जाणारा वेळ वाचला.

पुढील वाट

महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांचा किमान कायदेशीर आकार निश्चित केला, पापलेटला राज्यमाशाचा दर्जा दिला आणि एप्रिल 2025 मध्ये मत्स्यव्यवसायास कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. किमान आकाराचा नियम अमलात यायचा तर मासळी उतरविणाऱ्या बंदरावर मोजमाप हवे, व्यापाऱ्याने लहान मासा नाकारायला हवा आणि ग्राहकानेही लहान पापलेट स्वस्त मिळते म्हणून ते घेण्याचा मोह टाळायला हवा. मुंबई-पुण्याच्या बाजारात उभा असलेला खरेदीदारही अशा रीतीने या किनाऱ्याचा भागीदार ठरतो.

सिंधुदुर्गच्या अनुभवातून एक सूत्र हाती येते. ज्या योजनेत मच्छीमारास संरक्षणाचा खर्च एकट्याने सोसावा लागला, ती अडखळली. ज्या योजनेत तो खर्च व लाभ दोन्ही वाटून घेतले गेले, ती रुजली. रापणीच्या वाट्याचा नियमही याहून फारसा वेगळा नव्हता. जाळे ओढणाऱ्या प्रत्येक हाताला त्यात वाटा होता, म्हणूनच ते ओढण्यास गाव धावून येत असे.