विश्लेषण : साध्या लोकलला आपोआप बंद होणारी दारे बसवणे इतके अवघड का?

९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने गेल्या. दारात लटकलेले प्रवासी एकमेकांना घासले, रुळांवर पडले आणि त्यातल्या काहींचा जीव गेला. त्यानंतर मुंबईतल्या साध्या, म्हणजे बिगर-एसी लोकललाही स्वयंचलित दारे बसवण्याची घोषणा रेल्वेने केली. मग प्रश्न पडतो, हे आधीच का झाले नाही?

एसी लोकलला जमते, मग साध्या लोकलला का नाही?

मुंबईत पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी धावली. तिची दारे बंद झाल्याशिवाय गाडी सुटत नाही. पण तिथे बंद डब्यात हवा खेळवण्याचे काम एसी यंत्रणा करते. साध्या लोकलमध्ये उघडे दार हाच हवेचा मोठा मार्ग. खच्चून भरलेल्या डब्याचे दार नुसते बंद केले, तर आतले प्रवासी गुदमरतील.

यावर उपाय काय?

नव्या आराखड्यात तीन बदल सुचवले आहेत. एक, दारांना आडव्या फटी, म्हणजे दार बंद असतानाही हवा आत येईल. दोन, बाहेरची ताजी हवा आत ढकलणारी यंत्रे छतावर. तीन, डबे आतून जोडणारा मार्ग, म्हणजे भरलेल्या डब्यातले प्रवासी पुढच्या डब्यात सरकू शकतील.

वेळेचे गणित काय?

दारात कोणाची बॅग जरी अडकली, तरी गाडी थांबून राहते. समजा, प्रत्येक स्थानकात १० सेकंद जादा लागले. २५ थांब्यांच्या प्रवासात ती २५० सेकंद, म्हणजे चार मिनिटांहून अधिक होतात. गर्दीच्या वेळी एका पाठोपाठ एक लोकल असते. त्यामुळे पुढची रखडली की मागच्याही रखडतात. उशीर वाढला, की फेऱ्या कमी होण्याची भीती.

मग दारांनी प्रश्न सुटेल?

दारे बंद झाली, तर लटकणे आणि पडणे थांबेल. पण जे प्रवासी आज दारात लटकतात, त्यांना उद्या आत जागा हवी. ती मिळाली नाही, तर ते फलाटावरच राहतील. म्हणून दारांबरोबर फेऱ्या आणि डबेही वाढवावे लागतील.