बसायची जागा

परवा धाकट्या मुलीने नातवाच्या वर्गाचा फोटो फोनवर पाठवला. वर्गात एकही बाक नाही! कुणी उशीवर, कुणी चटईवर पालथा, एक पोरगा उभ्यानेच लिहितोय. खाली तिने लिहिलं होतं, "बाबा, याला फ्लेक्सिबल सीटिंग म्हणतात. मुलं रोज आपली जागा स्वतः निवडतात." इथे भातसानगरला पडवीत बसून तो फोटो बघताना मला आधी हसू आलं आणि मग ओशाळायला झालं. दोन्हीची कारणं सांगतो.

हसू आलं, कारण कल्पना काही नवी नाही. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ साली रोममध्ये बालगृह काढलं. तिथे जड बाकांऐवजी मुलांना स्वतः उचलता येतील अशी हलकी टेबलं-खुर्च्या ठेवल्या. आपल्याकडे गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक तिथेच त्यांना जाऊन मिळाल्या. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी केंद्र काढलं आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. बोर्डी तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. २०१४ पासून ते पालघरमध्ये गेलं.

बालवाडी तर निघाली, पण वस्तीतली गरीब मुलं येईनात. मग या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. म्हणून ती अंगणवाडी. १९७५ मध्ये सरकारी योजना आली आणि हे नाव गावोगाव पोचलं.

१९५७ मध्ये त्या डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथली वारली मुलं गुरं राखायची, नाहीतर धाकटं भावंड सांभाळायची. त्यावर दोन उपाय निघाले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, ती विकासवाडी. आणि गुरं चरतात तिथेच शिक्षकांनी जायचं, ती कुरणशाळा. साधनं कसली, तर खडे, बिया, शिंपले, पानं. शाळा मुलाच्या सोयीने बसत होती!

आता ओशाळण्याचं कारण.

मी याच तालुक्यात मास्तर होतो. वर्गात एक कातकरी मुलगा होता. तो दाराच्या उंबरठ्याशी बसायचा, मांडीवर धाकटी बहीण. ती रडली की बाहेर फिरवून आणायचा आणि परत येऊन पाढे म्हणायचा. मी उंचीप्रमाणे रांगा लावणारा. एके दिवशी त्याला बजावलं, "उद्यापासून रांगेत बसायचं, आणि हिला घरी ठेवून यायचं."

दोन दिवस तो एकटा आला. मग आलाच नाही. हजेरीपटात मी 'स्थलांतर' असा शेरा मारला. आमच्याकडे कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. पण भट्ट्या लागतात दिवाळीनंतर, आणि तेव्हा श्रावण चालू होता. हे मला त्याही वेळी माहीत होतं.

अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' मी वाचलं ते निवृत्तीनंतर. कुरणशाळेबद्दल वाचताना तो उंबरठा डोळ्यांपुढे आला. त्या पोराने आपली जागा विचार करूनच निवडली होती. तिथून फळा दिसत होता आणि बहीणही सांभाळता येत होती. मला ते एकदा विचारायचंसुद्धा सुचलं नाही.

असो. मुलीला उत्तर पाठवलं : "फोटो छान आहे. पण एखादं पोर दाराशीच बसत असेल, तर ते का बसतं, हे तुमच्या बाईंना आधी विचारायला सांग."