फ्रेमबफर-निर्यात : फॉरमॅट आणि लायब्ररी

पडद्यावरच्या चित्राचे पिक्सेल मेमरीत ओळीने मांडलेले असतात, त्या जागेला फ्रेमबफर म्हणतात. १९२० × १०८० चा पडदा आणि दर पिक्सेलला ४ बाइट धरल्यास एका चित्राचे ८२,९४,४०० बाइट होतात. ते जसेच्या तसे फाइलीत उतरवले तरी रुंदी, उंची, रंगांचा क्रम यांपैकी काहीही त्यात लिहिलेले नसते. म्हणून फॉरमॅट ठरवण्याआधी ही माहिती मिळवावी लागते. लिनक्सवर ती ड्रायव्हरला विचारता येते.

चुका ठरावीक आहेत. ओळीच्या शेवटी भरतीचे बाइट असतील आणि ते वगळले नाहीत, तर चित्र तिरपे सरकत जाते. रंग बहुधा निळा, हिरवा, लाल अशा क्रमाने येतात. ओपनजीएल खालच्या ओळीपासून वाचते, त्यामुळे चित्र उलटे पडते. सर्वांत फसवा तो चौथा बाइट. तो वापरात नसून शून्य असेल आणि लायब्ररीने त्यालाच पारदर्शकता मानले, तर पीएनजी कोरी दिसते आणि दोष भलतीकडेच शोधला जातो.

तपासणीसाठी पीपीएमइतका सोयीचा फॉरमॅट नाही. ‘पी६’, रुंदी, उंची, २५५ एवढे लिहून पुढे लाल-हिरवा-निळा बाइट ओतायचे; लायब्ररी लागतच नाही. जतनासाठी १९९६ पासूनचे पीएनजी घ्यावे, कारण त्यात एकही पिक्सेल बदलत नाही. लिबपीएनजी ही त्याची मूळ लायब्ररी. छोट्या प्रोग्रामला एकाच हेडर फाइलची ‘एसटीबी इमेज राइट’ पुरते, फक्त फाइल थोडी मोठी होते. इमेजमॅजिक कमांडलाइनवर उत्तम, पण एका स्क्रीनशॉटसाठी ते प्रोग्रामला जोडणे अति होते. ओळीने अनेक फ्रेम असल्यास एफएफएमपेग.

जेपीईजी छायाचित्रांसाठी ठीक. मराठी मजकुराच्या पडद्यावर मात्र शिरोरेषेभोवती डाग उमटतात, अनुस्वार पुसट होतात. रंगीत अक्षरांचे हाल अधिक, कारण रंगाची माहिती बहुधा निम्म्या रुंदी-उंचीवर आणलेली असते.

कच्च्या बाइटांचा हाच प्रश्न उपग्रहचित्रांतही येतो. उपग्रहाच्या कच्च्या बँड-फाइलीही अशाच मुक्या असतात: बँड एकामागून एक ठेवले आहेत, ओळीओळीने की पिक्सेलागणिक, हे शेजारच्या हेडर फाइलीवरून कळते. प्रचलित मिश्ररंगी चित्रात निकट-अवरक्त बँड लाल दाखवतात. लाल-निळ्याची अदलाबदल झाली, तर नागपूरजवळच्या कन्हान नदीकाठची शेते लालऐवजी निळी दिसतील.

२०११ मध्ये सोडलेल्या रिसोर्ससॅट-२ चा लिस-३ संवेदक १० बिटांत मोजतो. ही मोजमापे ८ बिटांच्या चित्रात कोंबली की बारीक फरक कायमचे जातात. त्यामुळे १६ बिटांचे जिओटिफ घ्यावे आणि रूपांतर जीडीएएल या लायब्ररीने करावे. हेडर फाइल तीच वाचते. १६ बिट पीएनजीतही मावतात, पण चित्राचे स्थान सांगणारी वर्ल्ड फाइल सोबत नसेल, तर ते चित्र नकाशावर बसवता येत नाही.